धुळीचा उलटा माग

त्या दिवशी सकाळी पावणेआठला गोरक्ष माळावर चढला तो रोजच्यासारखा कागद बदलायला. कागद बदलणं म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर मधेच कुणीतरी विचारील आणि माझी लय तुटेल.

पाथर्डी तालुक्यात करंजदरा म्हणून गाव आहे. गावाच्या वरच्या माळावर पत्र्याची खोली, आणि खोलीबाहेर माणसाच्या छातीइतकं उंच एक यंत्र. वर घराच्या छपरासारखं पत्र्याचं टोपण, त्याला कुलूप. आत वहीच्या पानाएवढा पांढराशुभ्र कागद. यंत्र दिवसरात्र हवा ओढतं, हवेतली धूळ त्या कागदावर बसते. सकाळी आठला जुना कागद काढायचा, नवा घालायचा, जुन्याचा फोटो काढून पुण्याला पाठवायचा. इथल्या धुळीत काय एवढं मोजायचं, असं गावातले लोक गोरक्षला चिडवायचे. पण ती धूळ इथली नसतेच मुळी. अरबस्तानच्या वाळवंटातून उठते, समुद्र ओलांडते आणि तिसऱ्याचौथ्या दिवशी आपल्या ज्वारीच्या पानांवर येऊन बसते. ती कुठून निघाली, कुठून वळली, हे शोधायचं ते केंद्र. गोरक्ष तिथं तीन वर्षं कामाला होता.

दुसरं काम कॉम्प्युटरवर. आपली जागा आणि वेळ भरायची, बटण दाबायचं. मग नकाशावर एक रेघ उमटते. ही हवा काल कुठं होती, परवा कुठं होती, असं मागं मागं जात ती रेघ वाळवंटात पोचते. रेघेवर दर तासाला एक ठिपका. याला ते लोक उलटा माग म्हणतात. गोरक्षला त्यातलं शास्त्र कळत नव्हतं, पण तीन वर्षांत रेघ वाचायला तो पक्का शिकला होता, आणि पुण्याच्या राजेश्वरी मॅडम त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकायच्या.

जानेवारी संपत आला होता. गाव निम्म्याहून जास्त रिकामं, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. दारांना कुलपं, अंगणात कुत्री. आणि त्या वर्षी धूळ अशी आली की आठ-आठ दिवस सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा. त्यात आफ्रिकेतला कुठलासा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याची राख वरच्या वरून इकडं सरकत होती. खालून धूळ, वरून राख. भर दुपारी सगळं पिवळट, पाखरांचा आवाज नाही, तोंडात सारखी कचकच. माणसं उगाच आतबाहेर करत होती, कुणाचं कशात लक्ष लागत नव्हतं.

त्याच धुळीनं गोरक्षची आई, आक्काबाई, गेली. जुना दमा होता. पण नुसता दमा असता तर गोरक्षला झोप लागली असती.

झालं असं होतं, की गोरक्षची बायको जया पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. तिचं माहेर ऊसतोडीवालं. म्हणजे हंगामात माहेर कुठं, तर सोनईच्या पलीकडं उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या झोपडीत, कोपीत. तिथंच डिसेंबरात मुलगी झाली. महिन्याची होते न होते तोच पोरीची छाती भरली, आठ दिवस दवाखान्यात ठेवली. डॉक्टरांनी बजावलं, या धुळीत लेकराला हलवायचं नाही. त्यामुळं आजीनं नात पाहिली नाही. बारसंसुद्धा राहिलं, कारण नाव आक्काबाईच ठेवणार होती.

आक्काबाई रोज म्हणायची, "गोरक्ष, मला फटफटीवर बसव आन् ने. पोरीचं तोंड दाखव."

"नेतो की. धूळ जरा बसू दे."

"तुझी धूळ बसंतोवर मी बसते का हितं?"

"आये, कागद चुकवता येत न्हाई. मॅडमला काय सांगू?"

शेवटच्या दिवशीही हेच बोलणं झालं. तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग. मी जाते माझी." संध्याकाळी गोरक्ष माळावरून उतरला तेव्हा ती गेलेली होती. उशाशी नव्या टोपड्याची पिशवी होती. गोरक्ष त्या पिशवीपाशी बसून लहान पोरासारखा रडला. सुतकातही त्याचा एक कागद चुकला नाही, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटत होती.

तर आपण ज्या सकाळी आहोत ती दहाव्यानंतरची. आदल्या रात्री रिवाजाप्रमाणं, जिथं जीव गेला त्या जागी परातीत पीठ पसरलं होतं. हातानं सपाट केलं, शेजारी दिवा, वरून पाटी पालथी घातली. सकाळी पाटी उचलायची. पिठावर पाखराचं पाऊल असेल, गाईचं खूर असेल, जे असेल त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. शेजारची रंगुबाई यातली जाणकार. तिनं पाटी उचलली आणि दिवा जवळ धरून पीठ निरखून पाहिलं.

पिठावर काहीच नव्हतं. जसं पसरलं तसं.

"म्हंजी काय, मावशी?" गोरक्षनं विचारलं.

"गेली न्हाई ती अजून." रंगुबाईनं आवाज खाली घेतला. "जीव अडाकलाय कशात तरी... कशात ते तुला म्हाईत हाय. लेकराला जप. ज्याच्यात जीव अडाकतो ना, त्याला ते सोडत न्हाई. मायेनंच नेतं, पन नेतं."

"आजी कदी नातीचं वाईट करंल का?"

"वाईट कुठं म्हनले मी. मायेनं म्हनले."

हे डोक्यात घोळवत गोरक्ष माळावर चढला. कुलूप काढलं, टोपण उचललं. कागदावर तपकिरी धूळ बसली होती, अगदी एकसारखी, मैद्यासारखी बारीक. आणि मधोमध एक पाऊल होतं.

धुळीत उमटलेलं पाऊल नव्हे. पावलाएवढी जागा पांढरी, कोरी राहिलेली, आणि भोवती धूळ. चोवीस तास कुणीतरी त्या कागदावर उभं होतं आणि धूळ त्याच्या भोवतीनं पडत होती, असं. बाईचं बारकं पाऊल. टाच, तळवा, बोटं. बोटं मात्र चारच. करंगळीशेजारचं बोट नव्हतं.

आक्काबाईचं ते बोट तरुणपणी ऊस तोडताना कोयत्यानं गेलं होतं.

टोपणाला कुलूप होतं. किल्ली गोरक्षच्या करगोट्याला. आणि कागद व टोपण यांच्यामध्ये इतकी जागाच नव्हती, की तिथं पाय तरी शिरावा. त्याला खाली पळत सुटावंसं वाटलं. पण हाताला सवय होती, हातांनी जुना कागद चिमट्यानं काढला, नवा घातला, फोटो घेतला. मग खोलीत जाऊन त्यानं जागा भरली, आठची वेळ भरली आणि बटण दाबलं.

रोज ती रेघ हात दोन हात लांब जायची, समुद्र ओलांडून. त्या दिवशी बोटभर गेली आणि थांबली. माळापासून निघून वायव्येला. दहा ठिपके. गोरक्षनं नकाशा मोठा केला. रेघ सोनईच्या पलीकडं, उसाच्या फडाशेजारी संपत होती. तिथं आठ-दहा कोप्या आहेत हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक असणार?

तो स्टूल ओढून बसला. आणि हळूहळू, तुम्हाला खोटं वाटेल, त्याचं तोंड उजळलं.

कारण त्यानं माग वाचला. रेघ जिथं संपते तिथून धूळ आलेली असते. दहा ठिपके म्हणजे दहा तास. म्हणजे आई रात्री दहाला सोनईला होती. नातीजवळ होती. पिठावर पाऊल उमटणार कसं, ती घरात होतीच कुठं? पोरीचं तोंड पाहून ती रात्रभर चालत परत आली, आणि जाता जाता पोराच्या यंत्रावर पाय ठेवून गेली. आपल्याला कळावं म्हणून. मी जाते माझी, म्हणाली होती. गेली आणि आली.

त्यानं जयाला फोन लावला. "पोरगी कशी हाय?"

"बरी हाय की. रातभर रडली जरा. तुमचा आवाज का असा येतोय?"

"आय येऊन गेली तिला बघून."

मग जया हळूच म्हणाली, "असं काय बोलताय... जेवला का काई काल?"

"आता काळजी न्हाई बघ जया. फिटली तिची हौस." आणि तो पुन्हा रडला, पण हे रडणं सुखाचं होतं. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यानं चहा पोटभर प्याला. फोटो आणि रेघ पुण्याला पाठवून दिली. पावलाबद्दल काहीच लिहिलं नाही, कारण लिहिणार काय?

अकराला राजेश्वरी मॅडमचा फोन आला.

"गोरक्ष, कागदावर हात लागलाय का तुमचा? मधे कोरं दिसतंय."

"न्हाई मॅडम."

"बरं, ते बघू नंतर. मी वेगळ्यासाठी फोन केला. आज माग काढलात, तेव्हा वरचा चौकोन बघितलात का?"

तो चौकोन गोरक्षनं तीन वर्षांत कधी बघितला नव्हता. त्यात 'मागे' किंवा 'पुढे' निवडायचं असतं. इथं कायम 'मागे' असायचं. चुलीवर तवा आहे का हे कुणी रोज तपासत नाही, तसंच ते.

"चूक माझीच आहे," मॅडम म्हणाल्या. "काल संध्याकाळी त्या राखेसाठी मी इथूनच ते 'पुढे' करून ठेवलं होतं. राख उद्या कुठं जाईल ते पाहायचं होतं. परत बदलायचं राहून गेलं. तुम्ही पाठवलेला उलटा माग नाहीच तो. धूळ कुठून आली ते नाही, इथून कुठं जाणार ते आहे."

गोरक्षनं हातातला कप खाली ठेवला. "म्हंजी... हे सोनईवरनं आलेलं न्हाई?"

"नाही. तुमच्या माळावरून सकाळी आठला निघालंय. संध्याकाळी सहाला तिथं पोचेल. अर्थात हे उत्तर चुकीचंच आहे म्हणा. वारा पश्चिमेचा आहे आणि ही रेघ वाऱ्याच्या तोंडावर चाललीय. शिवाय वेग ताशी पाच किलोमीटर. असा वारा असतो का कुठं?"

"मानूस चालतं तेवढ्यानं," गोरक्ष म्हणाला.

"काय म्हणालात?"

तो खोलीबाहेर पडला होता. आई अजून पोचलेली नव्हती. आपण काय समजून बसलो. आणि वर जयाला सांगितलं, काळजी करू नको म्हणून.

मोटरसायकल काढली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. जयाचा फोन लागेना. तोंडाला उपरणं गुंडाळून तो सुटला. तिसगाव गेलं. रस्त्यावर दिवे लावून गाड्या चाललेल्या, दुकानांतून माणसं सावल्यांसारखी दिसत होती. मनात हिशेब चालू. ती चालत, आपण गाडीवर. ती सहाला, आपण एक-दीडला. पोरीला उचलायचं आणि दुसरीकडं न्यायचं, लांब, पक्क्या घरात, काचेच्या खिडक्या असतील तिथं. आईपासून पोरीला पळवायला आपण निघालो, या विचारानं त्यानं एकदा गाडी हळू केली. पण पोरीची छाती आत्ता कुठं मोकळी झाली होती. आईची माया त्याला माहीत होती. ती धरलेलं सोडायची नाही.

मिरीच्या अलीकडं एका ओढ्यापाशी धूळ एवढी दाटली की पुढचं चाक दिसेना. त्यानं गाडी अगदी सावकाश केली, पाय टेकवत टेकवत पूल ओलांडला. इंजिनाखेरीज कसलाही आवाज नव्हता. नाकात धुळीचा वास, आणि त्यात मिसळलेला दुसरा एक, निलगिरीच्या तेलाचा. दम्यासाठी आई छातीला चोळायची तो. त्यानं मागं पाहिलं नाही. मान ताठ ठेवून गिअर बदलला.

पूल संपला आणि धूळ एकदम मागं राहिली. समोर रस्ता लख्ख. गोरक्षच्या जिवात जीव आला. ओलांडलं आपण तिला, त्यानं मनाशी म्हटलं. फक्त पुढच्या चढाला गाडी जड चालली. टायर बसला वाटतं म्हणून त्यानं उतरून चाक दाबून पाहिलं. हवा बरोबर होती.

सव्वाएकला तो कोप्यांवर पोचला. माणसं फडात गेलेली. जयाची आई केशरबाई दारात शेंगा फोडत होती.

"जावाईबापू? असं अवचित?"

"मामी, जया कुठंय? पोरगी?"

पोरगी आत झोळीत जागी होती. काळेभोर डोळे, मुठी आवळलेल्या. गोरक्षनं तिला उचलली, छातीला कान लावला. श्वास स्वच्छ. त्यानं तिला तशीच उराशी धरली.

"निघायचंय. आत्ता. सुप्याला, निकिताकडं," तो जयाला म्हणाला. निकिता तिची बहीण, तिचा नवरा सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, दोन खोल्यांचं सिमेंटचं घर.

"काय झालंय ते तर सांगा."

"गाडीत सांगतो."

जया त्याच्या तोंडाकडं बघून पोरीचे कपडे गोळा करायला लागली. फक्त म्हणाली, "नवल हाय. सकाळपसनं किरकिर किरकिर चालली हुती. तुमी आला आन् गप झाली बघा."

मोटरसायकल तिथंच ठेवून ते नगरला चाललेल्या टेम्पोत केबिनमध्ये बसले. नगरच्या स्टँडवर अर्धा तास सुप्याच्या गाडीची वाट पाहिली. पाचला निकिताच्या घरी. गोरक्षनं स्वतः खिडक्या लावल्या, फटींत ओली फडकी कोंबली. सहा वाजले तेव्हा तो घड्याळासमोर बसून होता. आता ती कोपीत पोचली असेल. रिकामी झोळी बघत असेल. ते डोळ्यांसमोर येऊन त्याला हुंदका आला. पोरगी मात्र रात्रभर शांत झोपली, एकदाही उठली नाही.

सकाळी मॅडमचा फोन. आवाज असा, की झोप झालेली नसावी.

"गोरक्ष, धूळ गेली सगळी. पूर्वेकडं सरकली. उपग्रहाच्या चित्रात आकाश स्वच्छ आहे. चित्रातला फक्त एक बारीक चौकोन राहिलाय. एकच तपकिरी ठिपका. मी रात्रभर मागची चित्रं बघत बसले. दर पंधरा मिनिटांचं एक. काल सकाळी आठला तो तुमच्या माळावर होता. मग चालल्यासारखा सरकत होता, अगदी त्या रेघेवरून."

"व्हय."

"पण दुपारी सव्वाबाराला, मिरीच्या अलीकडं, त्याचा वेग एकदम वाढला. तिथून तो रस्त्यानं गेला, गोरक्ष. रस्त्याची वळणंसुद्धा घेतली त्यानं. सव्वाएकला सोनई. मग नगर. नगरला अर्धा तास थांबला..."

गोरक्षनं डोळे मिटले. फटफटीवर बसव आन् ने, असं ती चार आठवडे म्हणत होती. शेवटी त्यानंच नेली.

"आणि काल पाचपासून सुप्यात आहे. हलत नाही. सुप्यात आहे तरी काय? तुम्ही कुठून बोलताय?"

त्यानं फोन ठेवला. आतून जयाचा आवाज आला. "निकिते, पोरीला तीट लावलीस व्हय गं?"

"मी कशाला लावू? काजळ तरी हाय का घरात?"

गोरक्ष आत गेला. पोरीच्या उजव्या गालावर वाटोळा ठिपका होता, नीट, जुन्या बायका लावतात तसा. काळा नव्हता, तपकिरी. त्यानं बोटानं तो पुसला आणि बोटं चोळून पाहिली. मैद्यासारखी बारीक. तीन वर्षं रोज पाहिलेली.

आणि पोरगी रडायला लागली. साधं रडणं नव्हे ते. श्वास आत अडकला, छाती खाली-वर होईना, ओठ निळे पडायला लागले. जयानं पाठ चोळली, निकितानं दार उघडलं, कुणीतरी दवाखाना म्हणालं.

गोरक्षनं आपल्या बोटाकडं पाहिलं. अजून थोडी धूळ होती. ते बोट त्यानं हळूच पोरीच्या गालावर टेकवलं, होतं तिथंच.

पोरीनं लांब श्वास घेतला आणि ती गप झाली. तिनं गोरक्षच्या खांद्यावरून मागं कुठंतरी नजर लावली आणि हसली.

"आये," गोरक्ष मागं न बघता म्हणाला, "नाव काय ठेवायचं तिचं?"

जया त्याच्याकडं बघत राहिली. पोरगी कान देऊन ऐकत होती.